साडेसात किलो

विदिगेराला ऑगस्टमध्ये तोडणी रात्री दोनला सुरू होते.
कपाळावर दिवे बांधलेल्या बायका
वेलींच्या ओळींतून सरकत जातात,
तरीही घड हाताला कोमट लागतात,
नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखे.

आंताँव वाझ. पांढरं द्राक्ष, जाड सालीचं.
ऊन पितं, कुरकुरत नाही.
साखर चढत जाते
आणि आंबट, कुणाला न सांगता, घर सोडून जातं.
कोल्ह्याला द्राक्षं आंबट, म्हणतात ना?
इथल्या कोल्ह्याला तेवढंही निमित्त उरलेलं नाही.

मी देओलिंदा. माझी प्रयोगशाळा म्हणजे
जिन्याखालची खोली, एक बेसिन, काचेच्या नळ्या, एक वही.
टाकी चौथी. पाच हजार लिटर.
पीएच तीन पूर्णांक सहा दोन.
म्हणजे मिळमिळीत.
म्हणजे अशी वाइन जी तोंडात येते आणि
ऐसपैस बसते, उठायचं नाव घेत नाही.

उत्तरेकडून आलेले पाहुणे विचारतात,
हळू आवाजात, घरातल्या आजाराबद्दल विचारावं तसं:
तुम्ही हिच्यात काही घालता का?

घालतो.
लिटरला दीड ग्रॅम.
पांढऱ्या पोत्यातून, पत्र्याच्या डब्याने, काट्यावर तोलून,
आधी बादलीभर रसात विरघळवून, मग टाकीत.
कालवणात मीठ टाकताना
कुणी खिडकी लावून घेत नाही.

हे कुस्तोदिओला पटत नाही.
पलीकडे भिंतीशी त्याचे मातीचे रांजण,
माणसाहून उंच, आतून राळ लावलेले.
तो म्हणतो, उन्हाळा असा होता तर असा होता.
पोरी, वाइनला खोटं बोलायला का शिकवतेस?

मी म्हणते, गेल्या वर्षी तुमचा तिसरा रांजण
सणाच्या आधीच गेला. नेलपॉलिशसारखा वास येत होता.

बराच वेळ तो काहीच बोलत नाही.
मग म्हणतो, पण खरा होता.

आज रात्री मात्र तो पोत्याजवळ येऊन थांबला.
काय आहे हे नेमकं?
मी बॅटरी धरून लेबल वाचलं:
द्राक्षांपासून. स्पेन.
पिंपांच्या तळाशी, भिंतींना, गाळात
जे खडे धरतात ना, त्याचंच. धुऊन, गाळून, पांढरं केलेलं.

खडे? तो म्हणाला.

नऊ वर्षांचा असताना त्याला
पायांना धरून सिमेंटच्या हौदात उतरवत.
हातात छिन्नी, तोंडाला फडकं.
खरवडायचा, कडा-कपारीतून, चमचमणारी लालसर पोपडी.
बेझाहून एक माणूस यायचा, तोलून घ्यायचा,
कशासाठी ते सांगायचा नाही.
पहिले बूट त्या खरवडीचे. एक नंबर मोठे.
सगळा हिवाळा दात आंबलेले असायचे,
भाकरीसुद्धा चावायची नाही.

त्याने करंगळी थुंकीने ओली केली,
पोत्यात बुडवली, जिभेला लावली.
एक डोळा आपोआप मिटला.

हे आमचंच आहे, म्हणाला.

स्पेनचं आहे, सत्तर वर्षं झाली त्याला,
असं काहीसं मी बोलणार होते.
बोलले नाही. साडेसात किलो मोजायचं होतं
आणि मोजताना मधेच बोललं की मी चुकते.

ढवळायचा दांडा त्याने हातात घेतला नाही.
त्याच्या रांजणांत तो या वर्षीही काही घालणार नाही,
आणि त्यातला एखादा या वर्षीही बिघडेल,
आणि एखादा असा उतरेल की मी वही मिटून
दुसरा पेला मागेन.

पण बॅटरी त्याने धरली, शेवटपर्यंत,
हात थरथरत होता तरी.

पावणेपाच. टाकी चौथी.
तीन पूर्णांक चार पाच.
बाहेर शेवटचा ट्रॉली-ट्रॅक्टर आला, बायका दिवे सोडत होत्या,
आणि पूर्वेला ऊन, नेहमीसारखंच,
कुणी बोलावलेलं नसताना.